विंगेतला रिसीव्हर

सकाळी 11. प्रयोग पुण्यात, संध्याकाळी 5 चा. संगीत नाटक, वायरलेस माइक तिघांना. मुक्कामावर कागद-पेन घेऊन बसतो. नवशिके 600, 600.4, 600.8 मेगाहर्ट्झ अशा सारख्या अंतराच्या फ्रिक्वेन्सी निवडतात. दिसायला छान. पण दोन ट्रान्समीटर अगदी जवळ आले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून भलतीच तिसरी निघते: 600.4 ची दुप्पट, वजा 600, म्हणजे नेमकी 600.8. नायक-नायिकेची मिठी आणि बिचाऱ्या सासरेबुवांचा माइक खरखरतो! म्हणून तिसऱ्याला 601.1. 700 च्या पट्ट्यातले जुने सेट 2022 च्या लिलावानंतर कपाटातच आहेत. तिथे आता मोबाइलचं 5जी.

दुपारी 1. मेडिकलमध्ये बिनवंगणाचे कंडोम. नटांच्या कमरेचा ट्रान्समीटर, म्हणजे पॅक, घामापासून वाचवायला याहून स्वस्त आवरण नाही. वर मी निर्मात्याच्या नावाने बिल मागतो, तेव्हा दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

साडेतीन. साडेबाराच्या नाटकाचं सामान अजून निघतंय. त्यांचा एखादा पॅक बॅगेत चालूच राहिलेला असू शकतो, म्हणून आधी स्कॅन. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर एफएम रिसीव्हर जोरदार तेवढी धरतो, दुसरी दाबून टाकतो. आपली जोरदार आहे तोवर मजा. नट पाठ फिरवतो, पाण्याने भरलेलं त्याचं शरीर लहर शोषून घेतं आणि आपली बाजू लंगडी पडते.

मग पॉवर वाढवा, असं सगळेच सुचवतात. माझा विरोध. पॅक 10 मिलिवॅटवरून 50 वर नेला तर बॅटरी लवकर संपते, मिठीतली भेसळही वाढते. त्यापेक्षा अंतर तोडा. रिसीव्हर मिक्सरशेजारी, प्रेक्षागृहाच्या मागे ठेवायची सवय मला पटत नाही. माझे विंगेत असतात. तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची केबल खुशाल लांब जाते. अँटेनाची लांब केबल मात्र सिग्नल खात जाते.

सव्वाचार. मदतनीस मुलगा पॅक लावून रंगमंचभर फिरतो, बाराखडी म्हणत. मी मीटर बघतो. भिंतीवरून परतलेली लहर थेट लहरीला उलटी भेटली की सिग्नल खड्ड्यात जातो. 600 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी 50 सेंटिमीटर, त्यामुळे पाऊलभर सरकलं तरी चित्र बदलतं. म्हणून प्रत्येक रिसीव्हरला दोन अँटेना, एकमेकींपासून लांब, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच. एक खड्ड्यात असताना दुसरीही तिथेच सापडणं अवघड. डावीकडच्या लोखंडी शिडीजवळ मीटर तरी पडतोच. अँटेना हातभर पुढे.

पावणेपाच, रंगपटात. माइक पगडीच्या कडेखाली, वायर मानेवरून, पॅक कमरेला.

"दादा, ही शेपटी खोचून टाकू?"

"ती अँटेना आहे. सरळ लोंबू दे, अंगाला चिकटवू नकोस."

5. तिसरी घंटा. भरलेल्या प्रेक्षागृहात खिशाखिशांत फोन, त्यामुळे मघाच्या स्कॅनवर आता भरवसा नाही. नांदी होईस्तोवर हेडफोनवर एकेक चॅनेल ऐकून घेतो.

साडेसहा, मध्यंतर. बॅटऱ्या बदलतो. अर्ध्या भरलेल्या असल्या तरी बदलतो. उरलेल्या रंगपटातल्या घड्याळाला.

सव्वाआठ. पॅक बंद करून पेटीत. साडेनऊचे ध्वनिवाले दारात उभे आहेत. त्यांना माझ्या तिन्ही फ्रिक्वेन्सी आणि शिडीजवळची जागा सांगतो. त्यांना हवंय ते वेगळंच: चहावाला गेला का?