कृष्णधवल रहस्यपट आणि श्रावकाचा विवेक

मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. हातकणंगले हे त्या मार्गावरील एक स्थानक. मार्गाच्या एका टोकाला मिरज. तेथे १९१० साली राजा परांजपे यांचा जन्म झाला. दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. तेथे १९२० साली बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ तयार झाला आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. प्रभातच्या संस्थापकांपैकी व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे, यांचा जन्म १९०१ साली कोल्हापूर येथेच झाला. त्यांचे वडील जैन होते. मास्टर विनायक यांची कन्या नंदा हीदेखील याच नगरीची. तिचा जन्म १९३९ सालचा.

या नामावळीचे येथे प्रयोजन आहे. मराठीतील ‘पाठलाग’ हा गाजलेला रहस्यपट दिग्दर्शित करणारे राजा परांजपे या मार्गाच्या एका टोकाचे, तर हिंदी रहस्यपटांत पुनःपुन्हा दिसणारा नंदाचा शांत, विश्वासार्ह चेहरा दुसऱ्या टोकाचा. त्यामुळे मधल्या जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी या परिसरातील एखाद्या पेढीवरच्या ज्येष्ठाला जुन्या कृष्णधवल रहस्यपटांची ओढ असेल, तर तिला परकी आवड म्हणता येणार नाही. ती याच मातीतली आहे.

पेढीवरचा वाचक, तंबूतला प्रेक्षक

या आवडीची पहिली पायरी पुस्तकाची होती. बाबूराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय हे नायक वाचनालयांतून आणि एस.टी.च्या प्रवासातून घरोघरी पोहोचले. दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवर बसून अर्नाळकरांचे पुस्तक संपविणारा दुकानदार हे एका पिढीच्या ओळखीचे चित्र होते.

दुसरी पायरी पडद्याची. शहरांत चित्रगृहे होती. जत्रा-बाजारांच्या गावी फिरता तंबू येई. अंधार पडल्याखेरीज तंबूत खेळ लागत नसे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम पाळणाऱ्या घरांना ही वेळ सोयीचीच होती. जेवण झालेले, दुकान आवरलेले, दुसऱ्या दिवसाच्या उलाढालीला अजून अवधी. अशा वेळी ‘सी.आय.डी.’मधील देव आनंद किंवा ‘हावडा ब्रिज’मधील अशोककुमार भेटत.

व्यापारी मनाला ही कथा का रुचावी, याचे उत्तर फार दूर नाही. कीर्द आणि खतावणी जुळत नसेल, तर जाणता मुनीम आधी नोकरावर आळ घेत नाही. तो एकेक रक्कम मागे मागे तपासत जातो. नजरचुकीने एखादी नोंद दुसऱ्याच खात्यावर पडली असेल, आकड्यांची उलटापालट झाली असेल किंवा कोणी मुद्दाम खाडाखोड केली असेल, या सर्व शक्यता तो खुल्या ठेवतो. पडद्यावरील गुप्तहेर याहून वेगळे काय करतो?

दुःश्रुतीचा प्रश्न

तरीही एक प्रश्न श्रावकाच्या घरात टाळता येत नाही. रहस्यपटाचा प्रारंभ बहुधा एका हत्येने होतो. जेथे मुंगीचा जीवही जपला जातो, तेथे हत्येची कथा मनोरंजन म्हणून पाहावी काय?

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडविरती या गुणव्रताचे विवेचन आहे. निष्प्रयोजन पापाचे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांतील दुःश्रुती म्हणजे राग, द्वेष, मद, कामना यांनी चित्त कलुषित करणाऱ्या गोष्टींचे श्रवण. आणि अपध्यान म्हणजे दुसऱ्याचा वध, बंधन किंवा हानी व्हावी असे द्वेषाने वा आसक्तीने चिंतणे. आजच्या अनेक गुन्हेमालिका या दोन्ही कसोट्यांवर उतरणार नाहीत. तेथे रक्त जवळून दाखविले जाते, वेदनेचा तपशील रंगविला जातो आणि गुन्हेगाराचा दिमाख हाच आकर्षणाचा विषय होतो. घरातील वडीलधाऱ्यांनी दूरचित्रवाणी बंद करावी, असेच ते दृश्य असते.

परंतु कसोटी चित्त कलुषित होण्याची आहे. म्हणून कथेचा विषय काय आहे, एवढे पाहून भागत नाही. ती मनाला कोठे नेते, हेही पाहावे लागते. शास्त्रग्रंथांतील कथांतही चोर आहेत, घातकी आहेत, कपटी मंत्री आहेत. त्यांची कथा त्यांच्यासारखे व्हावे म्हणून सांगितलेली नाही. या दृष्टीने जुने कृष्णधवल रहस्यपट तपासले, तर त्यांतील चांगल्या कृतींच्या केंद्रस्थानी हत्येपेक्षा वेगळीच चिंता दिसते: निरपराध माणसाला दोषी ठरविले जाऊ नये.

तीन चित्रपट, एकच चिंता

राज खोसला दिग्दर्शित ‘काला पानी’ हा १९५८ सालचा चित्रपट. नायकाला मोठेपणी कळते की, वडील मृत नसून खुनाच्या आरोपाखाली कारावासात आहेत. तो हैदराबादला जातो आणि अनेक वर्षांपूर्वी बंद झालेले प्रकरण साक्षीदारांच्या दारोदार फिरून पुन्हा उघडतो. देव आनंद यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सहायक भूमिकेचा पुरस्कार मिळाला तो नलिनी जयवंत या मराठी अभिनेत्रीला. तिने साकारलेल्या नर्तकीजवळ सत्याचा पुरावा आहे. प्रश्न आहे तो ती त्याचे काय करील, हा. मारेकरी कोण यापेक्षा एका निरपराध माणसाची गेलेली वर्षे हा या कथेचा खरा भार आहे.

१९६० साली बी. आर. चोप्रा यांनी ‘कानून’ काढला. त्यात एकही गाणे नाही. त्या काळी हे धाडसच होते. सरकारी वकील असलेला तरुण एका सावकाराचा खून स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि खुनी म्हणून त्याला दिसतात ते त्याच्याच वाग्दत्त वधूचे वडील, एक आदरणीय न्यायाधीश. पकडला जातो मात्र एक भुरटा चोर आणि खटला चालतो त्याच न्यायाधीशांसमोर. न्यायाधीशांच्या भूमिकेत अशोककुमार, वकिलाच्या राजेंद्रकुमार आणि न्यायाधीशांच्या कन्येच्या भूमिकेत कोल्हापूरची नंदा. त्या भेदरलेल्या चोराची भूमिका नाना पळशीकर या मराठी नटाने केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळविला. शेवटचा उलगडा येथे सांगणे उचित नव्हे. एवढे खरे की, डोळ्यांनी पाहिलेले तेच सत्य, हा विश्वास चित्रपट संपताना उरत नाही आणि चुकीच्या निकालाने दिलेली फाशी परत घेता येत नाही, हा विचार मनात घर करून राहतो.

तिसरा चित्रपट १९६४ सालचा ‘पाठलाग’. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी तो केला. पत्नीच्या निधनाने खचलेल्या एका वकिलापुढे एक आरोपी स्त्री येते. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. वकिलाने स्वतः पत्नीला अखेरचा निरोप दिलेला आहे. त्याने तिच्यावर विश्वास कसा ठेवावा? व्यवसायाने दंतवैद्य असलेले डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी हा वकील उभा केला, तर भावना यांनी त्या स्त्रीची व्यक्तिरेखा. संगीत दत्ता डावजेकर यांचे. मराठी चित्रपटासाठीचा त्या वर्षीचा राष्ट्रीय सन्मान ‘पाठलाग’ला लाभला आणि दोनच वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ हा रंगीत हिंदी चित्रपट काढला. मराठीतून हिंदीत गेलेली ही वाट आजच्या तरुण प्रेक्षकांना अनेकदा ठाऊक नसते.

स्यात् या शब्दाचे मोल

या तिन्ही कथांतील पेच जैन वाचकाला ओळखीचा वाटेल. प्रत्येक साक्षीदार आपल्या जागेवरून पाहिलेले सांगतो आणि त्या जागेपुरते तो खरेही सांगतो. चूक होते ती त्या अंशाला पूर्ण सत्य मानण्यात. हत्तीचा पाय चाचपून त्याला खांब म्हणणाऱ्या अंधाची गोष्ट पाठशाळेतील मुलांनाही येते. न्यायालयात मात्र त्या खांबाच्या आधारे माणसाला शिक्षा होऊ शकते. अनेकांत हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नसून एखाद्याच्या जीविताचा प्रश्न होऊ शकतो, हे या चित्रपटांतून स्पष्ट दिसते.

न्यायशास्त्रानेही हीच सावधगिरी बाळगली आहे. प्रत्यक्ष साक्षीदार नसताना केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची असेल, तर पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की, आरोपीच्या निर्दोषत्वाला वाव देणारा दुसरा कोणताही सयुक्तिक अर्थ उरू नये, असे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात स्पष्ट केले. ‘कानून’ त्यापूर्वी चोवीस वर्षे सामान्य प्रेक्षकाला याच विचाराकडे नेत होता.

गुन्ह्याच्या कारणाचेही तसेच. रहस्यपटात शोध शेवटी हेतूपाशी येऊन थांबतो आणि हेतू बहुधा क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपैकीच एक असतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य आणि अचौर्य या व्रतांचे अतिचार दिले आहेत: खोटा लेख तयार करणे, विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजने-मापे वापरणे, अस्सल म्हणून नकली माल देणे. कोणत्याही रहस्यपटाचे कथानक उलगडले, तर यांपैकी एखादे सूत्र हाती येते. हत्या ही बहुतेक वेळा शेवटची पायरी असते. पहिली पायरी एखाद्या कागदावर किंवा तराजूवर घडलेली असते. व्यापारी कुटुंबातील उमलत्या पिढीने हे पडद्यावर पाहणे निरर्थक नाही.

छायेतला संयम

कृष्णधवल छायाचित्रणाची मर्यादा हीच त्या काळी कलेची शक्ती ठरली. ‘सी.आय.डी.’चे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे, दादासाहेब फाळके पुरस्कार मिळविणारे ते पहिले छायाचित्रकार. दारातून येणारी तिरपी किरणे, जिन्यावर लांबत जाणारी सावली, अर्धा उजळलेला चेहरा एवढ्यावर ते भय उभे करीत. आघात पडद्याबाहेर होई. प्रेक्षकाला दिसे ती केवळ हललेली छाया.

नटांचा अभिनयही त्याच जातीचा. अशोककुमार भुवई किंचित उचलीत आणि संशय निर्माण होई. के. एन. सिंग खलनायक असूनही क्वचितच आवाज चढवीत. मंद स्वरातील एक वाक्य पुरेसे असे. नंदाच्या चेहऱ्यावरील सात्त्विकता इतकी अस्सल होती की, पुढे ‘गुमनाम’ आणि ‘इत्तेफाक’ या रंगीत रहस्यपटांत तीच सात्त्विकता रहस्याचा भाग झाली. हे कलावंत आज हयात नाहीत. त्यांच्या अभिनयातील मितभाषित्व मात्र अजून शिकण्यासारखे आहे.

कुटुंबाने कसे पाहावे

यातील बहुतेक चित्रपट आता भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. परंतु आजोबा दिवाणखान्यात आणि नातू स्वतःच्या खोलीत, असे ते पाहिल्यास निम्मे मोल जाते. पर्वाचे दिवस आणि स्वाध्यायाची वेळ वगळून, महिन्यातून एखाद्या संध्याकाळी सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा. उलगड्यापूर्वी तो थांबवून प्रत्येकाला विचारावे: दोषी कोण वाटतो, आणि कशावरून? बहुधा मुले दिसण्यावरून, पोशाखावरून, बोलण्याच्या ढबीवरून निर्णय देतात; मोठ्यांचेही वेगळे नसते. उलगडा झाल्यावर हसू येते, पण दुकानातील नोकर, दारी आलेला फेरीवाला, भाऊबंदकीतील दुसरी बाजू यांच्याविषयी आपण असाच झटपट निर्णय दिला होता काय, हा प्रश्नही मागोमाग येतो. मनोरंजनाचे आत्मपरीक्षणात रूपांतर होते ते येथे. ज्या चित्रपटाने असा प्रश्न पडत नाही आणि केवळ थरार उरतो, तो दुःश्रुतीच्या कक्षेत गेला असे समजून बाजूला ठेवावा.

रहस्यपटाची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. अपराधी सापडला की कथा संपते. त्याचे पुढे काय करावे, हे ती सांगत नाही. तो पुढचा अध्याय व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये आहे. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर ग. दि. माडगूळकर यांनी ही कथा रचली. खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना एक तुरुंगाधिकारी बेड्यांविना शेतावर घेऊन जातो आणि केवळ विश्वासाच्या बळावर त्यांना माणूस करतो. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली या चित्रपटाचा गौरव झाला. स्वतंत्रपूर आजच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ आहे.

म्हणून क्रम असा ठेवता येईल: आधी ‘पाठलाग’, मग ‘काला पानी’ व ‘कानून’, आणि शेवटी ‘दो आँखें बारह हाथ’. पहिले तीन चित्रपट दोषी ठरविण्याची घाई करू नये, हे शिकवितात. चौथा, दोष सिद्ध झालेल्या माणसालाही टाकून देऊ नये, हे सांगतो.