हत्याराची वाट

शहापूरहून कसारा घाट चढून नाशिकला, किंवा मुरबाडहून माळशेज घाटाने ओतूरकडे आपण एस. टी.ने गेलाच असाल. मुरलेला चालक वळण येण्याआधीच वेग उतरवतो, चाक हळूहळू फिरवतो आणि वळण सरताना पुन्हा वेग धरतो. नवखा मात्र ऐन वळणावर चाक हिसकतो, नि आपले डोके खिडकीवर आपटते! यंत्रमानव धातू कापतो तेव्हाही नेमका हाच प्रश्न असतो.

टर्बाइनचे पाते घ्या. भातसा धरणाशी वीज तयार होते ती पाण्याने टर्बाइन फिरवून. असे पाते पिळदार असते. नुसते तीन दिशांना सरकणारे हत्यार त्याच्या प्रत्येक कुशीत नीट पोचत नाही. म्हणून हत्यार किंवा काम आणखी दोन अक्षांभोवती फिरवतात. यंत्रमानवाच्या हाताला तर बहुधा 6 सांधे असतात.

संगणक वक्र वाटेचे लहान लहान सरळ तुकडे करतो. दोन तुकडे जुळतात तेथे दिशा एकदम बदलते. यंत्राला वेग तोडावा लागतो, हत्यार थरथरते आणि धातूवर वण उठतो. तुकडे आणखी बारीक केले की झाले, असे आपल्याला वाटेल. पण मग जोड वाढतात आणि यंत्र धड वेगच धरत नाही! त्यापेक्षा सलग वक्ररेषा बरी. तिच्या जोडावर दिशा जुळते, वाकही जुळतो. अशा रेषांचे गणित सित्रोएनच्या द कास्तेल्जो यांनी 1959 मध्ये मांडले; पुढे 1960 च्या दशकात रेनोच्या बेझिए यांनी ते रूढ केले. दोन्ही कारखाने मोटारींचेच!

पण टोकाची वाट साधली म्हणजे काम संपले नाही. हत्याराचा कलही सावकाश बदलायला हवा. हत्यार फिरत्या अक्षाच्या रेषेत आले, की टोक जरासे हलवायलाही एखाद्या सांध्याला गरकन अर्धा फेरा घ्यावा लागतो. जाणता योजक आधीच कल किंचित बदलून ती जागा टाळतो.

एवढी काळजी कशाला? पाते वर्षानुवर्षे फिरायचे असते, आणि वण राहिला तर तेथूनच भेग सुरू होऊ शकते. तेव्हा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या तरुणांनो, यंत्राचा वेग वाढवण्याआधी त्याची वाट पाहा. घाटातला शहाणा चालकही तेच करतो.