निळा उजेड आणि फसवे डोळे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे हौशी अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काहीजण टाकीवरचा एलईडी दिवा घरीच जोडतात. या उद्योगातली मोठी चूक डाग देताना होत नाही, उजेडाचा अंदाज डोळ्यांनी बांधताना होते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उथळ पाण्यातल्या प्रवाळाचे पोट बरेचसे त्या शैवालाने उन्हावर तयार केलेल्या अन्नावरच भरते. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर जातो. म्हणून हे शैवाल निळ्यावर जगायला सरावलेले असते. माणसाचा डोळा मात्र ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो, आणि ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. लक्स मीटरही डोळ्याच्याच हिशेबाने बनवलेला, त्यामुळे तोही इथे फसवतो. मोजायचे असतात ते फोटॉन: ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात ते. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० मायक्रोमोलच्या घरात जातो; टाकीतल्या मऊ प्रवाळांना साधारण शंभर पुरतात, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे. जुना मेटल हॅलाइड दिवा उतरवून त्याच्या जागी निळा एलईडी ‘दिसायला तेवढाच’ लख्ख केला, की फोटॉन कितीतरी जास्त ओतले जातात. शैवालाला ते पेलत नाहीत, प्रवाळ त्याला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. फोटॉन मोजणारा मीटर महाग असतो हे खरे, पण तिकडची हौशी मंडळे तो सभासदांत आळीपाळीने फिरवतात. ज्याला तोही मिळत नाही, त्याने दिवा मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू चढवावा.

निळ्याचे हे कौतुक म्हणजे नुसती फॅशन, असा एक आक्षेप असतो. निळ्यात प्रवाळ हिरवे-केशरी चमकतात आणि त्या झगमगाटापायी काहीजण टाकीचा डिस्को करून टाकतात, तेव्हा तो अगदीच खोटा नाही. पण बाजारातला नेहमीचा पांढरा एलईडीसुद्धा मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. निळे जास्त आणि पांढरे कमी, दोन्हींचे मंदक (डिमर) वेगळे, अशी जोडणी केली की वाद उरत नाही.

जोडणीत पैसे वाचवायचे ते एलईडीवर वाचवावेत, उष्णता शोषणाऱ्या हीट सिंकवर आणि वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर नाही. तीन-तीन व्होल्टचे बारा एलईडी एका माळेत ओवले आणि ७०० मिलिअँपिअर सोडले, तर सुमारे ३६ व्होल्ट आणि २५ वॉट लागतात. त्यातली निम्म्याच्या आसपास वीज उष्णता होते, तीही इवल्याशा चिपच्या पाठीशी. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्टेज उतरते. पुरवठा ठरावीक व्होल्टेजचा असेल तर प्रवाह वाढतो, एलईडी आणखी तापतो आणि शेवटी जळतो. म्हणून ड्रायव्हर ठरावीक प्रवाहाचाच हवा. थर्मल पेस्ट थापायची नसते, पुसल्यासारखी पातळ पसरायची असते; जाड थर उष्णता अडवतो. खाली अॅक्रिलिकचे झाकण नसेल तर मिठाचे तुषार काही महिन्यांत टाके हिरवे करतात. पाण्याशेजारी वीज ही भीती रास्तच आहे: ३० मिलिअँपिअरचा अर्थ-लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा) बसवल्याशिवाय आणि ड्रायव्हर टाकीपासून दूर ठेवल्याशिवाय या कामात हातच घालू नये.

तयार दिवे आता स्वस्त झालेत, मग हा खटाटोप कशाला? दोन फुटी टाकीसाठी खरोखरच करू नये. लांबट किंवा आडव्यातिडव्या टाकीवर मात्र एलईडी हवे तिथे दाट-विरळ लावता येतात, आणि एक गेला तर अख्खा दिवा न टाकता तेवढाच बदलता येतो. आपल्याकडे मुद्दा त्याआधीच अडतो. खडक बांधणारे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा ठरतो, दिवा कितीही उत्तम बनवलेला असला तरी.