फळा स्मार्ट, तास जुनाच

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे उपकरणं आली की शिकणं आपोआप सुधारतं. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटून हे करून पाहिलं. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. योजना सुरू होऊन सव्वा वर्ष उलटलं, तरी गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नव्हता.

मुलामागे एक टॅब हवाच, हेही खरं नाही. बाईंकडे एक फोन आणि मुलांच्या हातात छापील कागद, एवढ्यावर भागतं. ‘प्लिकर्स’ची कार्डं पाहा. कार्डावर क्यूआर कोडसारखी चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना चार पर्याय. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. बाईंनी वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. अक्षरं बारीक असल्याने शेजाऱ्याची नक्कल अवघड.

पण खरी मेख प्रश्नात आहे. ‘०.५ मोठा की ०.३५?’ असं विचारलं, की पाचापेक्षा पस्तीस मोठे या हिशेबाने ०.३५ निवडणारी मुलं हमखास सापडतात. एरवी हात वर करणारी हुशार चार पोरं उत्तर देतात आणि वर्गाला कळलं असं आपण धरून चालतो. इथे उत्तर लगेच सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं आणि पुन्हा कार्डं वर करायला लावायची. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी १९९१पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच पद्धत रुजवली.

सॉफ्टवेअर आलं की शिक्षक हवेत कशाला, असंही ऐकू येतं. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या केंद्रांवर मुलांची गणित आणि हिंदीतली प्रगती चांगली झाली, हे २०१९च्या शोधनिबंधात आहे. मात्र दीड तासांपैकी निम्मा वेळ मुलं संगणकावर असत. उरलेला निम्मा वेळ छोट्या गटात माणूसच शिकवत होता.

राहिला व्हिडिओ. तो लावला म्हणजे धडा झाला, असं नाही. मध्येच थांबवून, पडदा बंद करून, आठवेल ते वहीत लिहायला सांगा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.