कामावर रुजू होताना

फुफ्फुसाच्या कर्करोगानंतर : भाग ७

गाठ काढली, केमो संपली, स्कॅन स्वच्छ आला, की घरात लगेच विषय निघतो तो कामाचा. रजा संपत आलेली असते आणि हप्ते काही थांबलेले नसतात. मग डॉक्टरांकडून ‘कामास योग्य’ असा एका ओळीचा दाखला घेऊन माणूस सोमवारी हजर होतो. मला या दाखल्याची काळजी वाटते. ऑफिस त्याचा अर्थ ‘पूर्वीसारखा झाला’ असा घेतं, आणि फुफ्फुसाच्या बाबतीत तसं सहसा लगेच होत नाही.

उजव्या फुफ्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. एक खंड काढला की उरलेले खंड फुगून ती जागा बरीचशी भरून काढतात आणि दम हळूहळू वाढतो, पण त्याला काही महिने द्यावे लागतात. बरगड्यांमधून छेद घेतला असेल तर तिथली ठणक त्याहूनही रेंगाळू शकते. बसल्या जागी काहीच जाणवत नाही, म्हणून आपण बरे झालो असं वाटतं. खरी गोष्ट जिन्यावर कळते. शस्त्रक्रिया झेपेल का हे पाहायला काही सर्जन रुग्णाला जिना चढायला लावतात. रुजू होण्याआधी आपणही डॉक्टरांना विचारून तेच करून पाहावं. स्टेशनचा पूल, खांद्याला बॅग, सोबत घरचं कुणीतरी. आधी दुपारी, गर्दी नसताना. मग ऑफिसच्या वेळेला.

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. बाहेरून धडधाकट दिसतो म्हणून पुष्कळजण त्या डब्यात चढायला संकोचतात. तो संकोच कृपा करून सोडा.

दम सगळ्या कामांना सारखा लागत नाही. हिशेबनीस खुर्चीत बसून दिवस काढू शकेल. शिक्षिकेला मात्र तासभर मोठ्यानं बोलायचं असतं, आणि बोलणं म्हणजे श्वासच खर्चणं. डाव्या बाजूच्या गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेत स्वरयंत्राची नस दुखावली असेल तर आवाजही बसतो. अशा वेळी लागोपाठ तास न घेणं आणि कमरेला लावायचा छोटा माइक वापरणं, एवढ्यानंही नोकरी टिकू शकते. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलनं बोटं बधिर होऊ शकतात. शिंप्याला, वायरमनला ते फार जाचतं. सिस्प्लॅटिननं कानात गुणगुण राहू शकते, फोनवरचं नीट ऐकू येत नाही. आणि थकवा तर असा, की रात्रभर झोपूनही जात नाही. सहकाऱ्यांना तो आळस वाटतो.

म्हणून डॉक्टरांकडे दाखला मागताना आपलं काम त्यांना तपशिलानं सांगावं, आणि त्यांनीही तपशिलानं लिहून द्यावं: पहिले काही आठवडे किती तास, किती वजन उचलायचं नाही, रात्रपाळी नको, मध्ये विश्रांती हवी. असा कागद हातात असला की साहेबांशी बोलताना विनवणी करावी लागत नाही. धूळ आणि धुराचं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर जागा बदलून मागावी. वेल्डिंगचा धूर, दगडाची सिलिकायुक्त धूळ, डिझेलचा धूर ही सगळी कर्करोगाची सिद्ध झालेली कारणं आहेत. रेडिएशन झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. उपचारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते. नवा कोरडा खोकला, ताप, वाढलेला दम ‘ऑफिसच्या एसीचा’ म्हणून अंगावर काढू नये.

ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्यानुसार कर्करोगाचं निदान झालं त्या दिवसापासून माणसाला दिव्यांगांचं संरक्षण मिळतं, आणि मालकाला कामात वाजवी फेरबदल करून द्यावे लागतात. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी ते हक्कानं मागावेत. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. ही उणीव मला फार खुपते, कारण त्यामुळे सगळं मालकाच्या भलेपणावर येऊन ठेपतं. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आधार मात्र मोठा आहे: नेहमीच्या आजारपणात ९१ दिवस ७० टक्के वेतन, आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, नोकरीची व वर्गणीची अट पूर्ण असल्यास, ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत. हातात असा आधार असताना पंधरवड्यात रुजू होण्याची घाई करू नये.

ऑफिसात आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘सिगरेट ओढत होता का?’ कधीही न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, आपल्याकडे अशा रुग्णांची संख्या लहान नाही, बायकांमध्ये तर विशेष. आणि ओढत असला, तरी आजारातून उठलेल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर जाब विचारायचा हक्क कुणालाही नाही. उत्तर द्यायलाच हवं असंही नाही.

पुढच्या स्कॅनच्या तारखा वरिष्ठांना आधीच कळवून ठेवाव्यात. रिपोर्ट हाती येईपर्यंत कामात चित्त लागत नाही, म्हणून मोठी बैठक किंवा दौरा त्या आठवड्यात घेऊ नये.

(पुढील भागात : ईएसआयच्या दीर्घ आजार लाभासाठी लागणारे कागद)