हरणांच्या गावात परसबाग

हरीण म्हटलं की मराठी माणसाला पंचवटी आठवते, कण्वमुनींचा आश्रम आठवतो. सीतेने हट्ट धरला तो हरणासाठी, आणि सासरी निघालेल्या शकुंतलेचं वस्त्र धरून तिला अडवलं तेही हरणाच्या पाडसानेच. पण जिच्या वाफ्यातला घेवडा अशाच एखाद्या पाडसाने एका रात्रीत फस्त केला आहे, त्या गृहिणीला यातलं काहीही आठवत नाही! न्यू जर्सीत घर करून राहिलेल्या आम्हा अनेकींचा हा अनुभव आहे.

या राज्याचं टोपणनावच मुळी 'गार्डन स्टेट'. मे महिन्यात थंडीची धास्ती सरली की आमच्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात वाफे तयार होतात. टोमॅटो, भेंडी, दुधी, श्रावणघेवडा, मिरच्या. दुकानात हे सगळं मिळतं, तरीही आम्ही लावतो. त्याचं एक कारण म्हणजे उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणारी वडीलधारी मंडळी. मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजार नाही. माझ्या सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी जातात आणि वेल कालच्यापेक्षा किती चढला ते पाहून येतात. घेवडा गेला की त्यांचा दिवसच सुना होतो.

ही हरणं आली तरी कुठून? पांढऱ्या शेपटीच्या या हरणांची एके काळी बेसुमार शिकार झाली. 1900च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत ती पाच लाखांच्या आसपास उरली होती, असा अंदाज आहे. मग शिकारीवर निर्बंध आले. पूर्वेकडचे लांडगे आणि प्यूमा तर माणसाने आधीच संपवले होते. सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा रान वाढलं आणि त्या रानाच्या कडेला आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. मागे लपायला झाडी, पुढे चरायला हिरवळ आणि फुलझाडं! आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे.

चोर कोण, हे आधी ओळखावं लागतं. सशाने खाल्लेलं देठ कात्रीने तिरपं कापल्यासारखं दिसतं. हरणाला मात्र गाईसारखेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतं, म्हणून देठ फाटकं, ओबडधोबड राहतं.

उपाय सांगणारे तर घरोघरी आहेत. कुणी साबणाच्या वड्या टांगतं, कुणी न्हाव्याकडचे केस पसरतं. अंड्याचं वासकट पाणी फवारलं तर काही दिवस फरक पडतो, पण पाऊस आला की पुन्हा फवारा. शिवाय भुकेलं हरीण वासाला जुमानत नाही. इथल्या रटगर्स विद्यापीठाने हरणं काय खातात आणि काय टाळतात याची झाडांची यादीच केली आहे. ट्युलिप त्यांना पक्वान्नासारखा. डॅफोडिल, लॅव्हेंडर, पुदिना, कांदा, लसूण यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. पण केवळ लसूण लावून सासूबाईंचं समाधान कसं व्हावं?

शेवटी खरा उपाय कुंपणाचाच. इथेही पंचाईत. हरीण आठ फूट उंच उडी मारतं आणि आमच्या गावात मागच्या अंगणातही सहा फुटांहून उंच कुंपणाला परवानगी नाही. पण हरणाचा एक स्वभाव कामी येतो. पलीकडे उतरायला ऐसपैस जागा दिसली नाही तर ते उडी घ्यायला कचरतं. म्हणून सगळं अंगण न वेढता आम्ही दहा फूट बाय बारा फुटांच्या तुकड्याला सहा फुटी जाळी लावली. जाळीचा खालचा काठ जमिनीत खुंट्यांनी घट्ट ठोकला, कारण हरीण खालूनही घुसतं. बाहेरच्या बाजूला पुदिना आणि लसूण.

काही गावांत परवानगी देऊन धनुष्यबाणाने शिकार करवतात. आमच्या शेजारणीला ते पटतं. लाइम या आजाराने तिच्या घरातलं माणूस महिनोन् महिने बेजार झालं होतं. तो आजार पसरवणाऱ्या गोचिडी हरणांच्या अंगावर पोसतात, जरी रोगाचे जंतू त्यांना प्रामुख्याने उंदरांकडून मिळतात. माझ्या मुलाला मात्र शिकारीचं नावही सहन होत नाही. दोघांचंही म्हणणं मला समजतं. बागेतून आल्यावर हातपाय नीट तपासायचे, हा नियम तेवढा आम्ही सगळेच पाळतो.

संध्याकाळी जाळीच्या फाटकाची कडी लावण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. परवा झाडीच्या कडेला एक मादी आणि दोन पाडसं उभी होती. त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अगं, रान त्यांचं होतं, त्यात आपण घर बांधलं. अंगणातलं गवत खाऊ देत त्यांना. एवढा एक वाफा मात्र माझा."