तापीतीरावरून रेवातीरीं

सहकुटुंब प्रवास म्हटला म्हणजे आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून दोनच नांवें पुढें येतात: एक तीर्थक्षेत्र आणि दुसरें थंड हवेचें ठिकाण. पहिल्यानें पुण्य पदरीं पडतें व दुसऱ्यानें प्रकृति सुधारते. या दोहोंविरुद्ध आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु ज्या भूमीवर आपण राहतों तिच्या पोटांत काय दडलें आहे, आणि जीं वस्त्रें आपण अंगावर घालतों तीं कोणाच्या हातून निर्माण होतात, हें मुलांस दाखविणारा प्रवासाचा एक तिसराही प्रकार आहे. त्यास खर्च बेताचा लागतो, रजाही फार लागत नाहीं. लागते ती थोडी पूर्वतयारी. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं असा तीन दिवसांचा एक प्रवास घरच्या मंडळींसह केला. पहिला मुक्काम तापीतीरावरील थाळनेर, दुसरा नर्मदातीरावरील महेश्वर. आमच्या शिरपुराहून ही दोन्ही स्थळें सोयीचीं आहेत. आणि एकामागून एक पाहिलीं असतां तीं परस्परांवर जो प्रकाश टाकतात, तो निरनिराळीं पाहून पडत नाहीं.

थाळनेर हें शिरपूर तालुक्यांतच, तापीच्या उत्तर तीरावर आहे. आज त्याचें नांव निघालें म्हणजे लता मंगेशकरांचें आजोळ एवढीच ओळख बहुतेकांस असते. परंतु एके काळीं हें गांव खानदेशची राजधानी होतें. इ. स. 1370 मध्यें दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानें मलिक राजा नांवाच्या सरदारास इकडील मुलूख दिला आणि त्यानें थाळनेरास आपलें ठाणें केलें. तोच फारुकी घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा मुलगा नासिरखान यानें अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसविलें, आणि राज्याचा भार हळूहळू तिकडे सरकला. पुढें 1601 सालीं अकबरानें अशीरगड घेतला व हें राज्य संपलें. तरीही सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग थाळनेरवरूनच जात असे; सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये यानें आपल्या मुक्कामांच्या यादींत या गांवाचें नांव नोंदविलें आहे.

आज तेथें काय उरलें आहे? नदीच्या कांठीं उंच टेकाड, त्यावर ढासळलेला तट, आणि गांवाजवळ फारुकी सुलतानांच्या घुमटदार कबरी. त्यांतील एक अष्टकोनी असून तिच्यावरील नक्षीकाम अद्याप डोळ्यांत भरतें. सकाळच्या उन्हांत मुलें तटावर चढलीं. खालीं तापीचें पात्र शांत पसरलें होतें. आमच्या नऊ वर्षांच्या नातवानें विचारलें, "आजोबा, येथें लढाई झाली होती कां?"

झाली होती, आणि ती सांगितल्यावांचून थाळनेर पाहिलें असें म्हणतांच येणार नाहीं. महिदपूरच्या लढाईंत 21 डिसेंबर 1817 रोजीं होळकरांचा पराभव झाला. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि थाळनेर त्यांतच मोडत होतें. सेनापति सर थॉमस हिस्लॉप हा माळव्यांतून सेंधव्याच्या वाटेनें खालीं उतरून 27 फेब्रुवारी रोजीं येथें आला. किल्लेदार तुळशीराम यानें प्रथम प्रतिकार केला. परंतु तोफांपुढें निभाव लागेना, तेव्हां तो बाहेर येऊन शत्रूच्या स्वाधीन झाला. यानंतर आंतल्या दरवाजापाशीं बोलणें चाललें असतां कांहीं तरी गैरसमज होऊन हातघाई झाली व तींत दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आंतील सुमारें तीनशें लोकांची कत्तल झाली, आणि तुळशीरामास फांसावर लटकाविण्यांत आलें.

"पण तो तर शरण आला होता ना?" नातीनें विचारलें. ती बारा वर्षांची आहे व न्यायान्यायाची तिला चाड आहे. आम्हीं दोन्ही बाजू तिच्यापुढें ठेविल्या. इंग्रज सेनापतीचें म्हणणें असें कीं, तहानें किल्ला आमचा झाला होता, तेव्हां किल्लेदाराचा प्रतिकार ही बंडखोरीच ठरते. उलट बाजूस, ज्यानें स्वतःस स्वाधीन केलें त्याचे प्राण घेणें हें कोणत्याही युद्धधर्मांत बसत नाहीं. ही शंका केवळ आपल्या लोकांस आली असें नाहीं. पुढें इंग्लंडच्या पार्लमेंटांत या सैन्याच्या आभाराचा ठराव आला, तेव्हां या फांशीच्या प्रकरणापुरता स्पष्ट अपवाद ठेवण्यांत आला होता. नात थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, "आभार नाहीं मानले, पण शिक्षाही नाहीं केली." यावर आम्हीं अधिक बोललों नाहीं. मुलांनीं स्वतः काढलेला निष्कर्ष आपण पुरा करूं नये, हें चाळीस वर्षांच्या अध्यापनानें आम्हांस शिकविलें आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आग्रारोडनें उत्तरेस निघालों. सातपुड्यांतील बिजासनीचा घाट चढून सेंधवें, तेथून पुढें निमाडचा सपाट मुलूख, खलघाटास नर्मदेवरील पूल, आणि पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर उत्तर तीरीं महेश्वर. हिस्लॉपची फौज ज्या बाजूनें उतरली त्या बाजूसच आम्ही चढत होतों.

महेश्वर म्हणजेच प्राचीन माहिष्मती, असें बहुतेक विद्वान मानतात. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवराच्या प्रसंगीं या नगरीचें व तिला बिलगून वाहणाऱ्या रेवेचें वर्णन आलें आहे, तें अनेक वाचकांस स्मरत असेल. कार्तवीर्य सहस्रार्जुनाचीही हीच नगरी. परंतु आज डोळ्यांस जें दिसतें तें मुख्यतः अहिल्याबाई होळकरांचें महेश्वर आहे. 1767 मध्यें राज्याचा कारभार हातीं घेतल्यावर त्यांनीं येथें राजधानी केली व 1795 मध्यें येथेंच देह ठेविला. काशीविश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभारणाऱ्या या राणीचा स्वतःचा वाडा पाहून मंडळी चकित झाली. लांकडी खांबांचें व साध्या चौकाचें तें घर एखाद्या सुखवस्तु देशस्थाच्या वाड्याहून फारसें निराळें वाटत नाहीं. मातीचीं लहान शिवलिंगें करून, पूजा आटोपल्यावर तीं नर्मदेंत विसर्जन करण्याची त्यांच्या वेळची प्रथा अद्याप चालू आहे. घाटाच्या पायऱ्या मात्र खऱ्या राजवैभवाच्या आहेत; पण त्या राजासाठीं नाहींत, स्नानास येणाऱ्या सर्वांसाठीं आहेत.

दुपारीं नांवेंत बसून पैलतीरीं नावडातोलीस गेलों. वाटेंत पात्राच्या मध्यभागीं बाणेश्वराचें एकटें देऊळ लागतें. नावडातोलीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं 1952-53 मध्यें व पुन्हां 1957 ते 1959 या काळांत उत्खनन केलें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं येथें शेतकऱ्यांची वस्ती होती, असें त्यांत सिद्ध झालें. कुडाच्या भिंतींचीं गोल व चौकोनी घरें, काळ्या रंगानें चित्रित केलेलीं तांबूस मातीचीं भांडीं, दगडाचीं बारीक पातीं, थोडीं तांब्याचीं हत्यारें, आणि जळून टिकलेले गहू व डाळींचे दाणे तेथें सांपडले. पुढच्या थरांत तांदूळही आला. आमच्या खानदेशांतही या जातीचीं स्थळें आहेत. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशें येथें बा. कृ. थापर यांनीं 1955 च्या सुमारास केलेलें उत्खनन प्रसिद्ध आहे.

नातवास टेकाडावर खापराचा एक तुकडा मिळाला. तो खिशांत घालावा असें त्यास फार वाटत होतें. आम्हीं त्याला समजाविलें कीं, हा तुकडा ज्या जागीं पडला आहे ती जागाच त्याची जन्मपत्रिका आहे. घरीं नेऊन कपाटांत ठेविला कीं पत्रिका हरवली, उरला केवळ मातीचा तुकडा. त्यानें तो जेथून उचलला होता तेथेंच ठेविला, आणि ठेवण्यापूर्वीं वहींत त्याचें चित्र काढून घेतलें. ही युक्ति त्याची त्यालाच सुचली.

तिसरा दिवस मागांचा. किल्ल्याच्या परिसरांत व गांवांतील गल्ल्यांतून हातमागांची खटखट ऐकूं येते. अहिल्याबाईंनीं सुरतेकडून व इतर ठिकाणांहून विणकर आणून येथें वसविले, अशी परंपरा सांगतात. महेश्वरी लुगडें पूर्वीं सर्वस्वी सुती असे; पुढें ताणा रेशमाचा व बाणा सुताचा अशी रीत पडली. त्यामुळें तें वजनास हलकें, दिसण्यांत तुकतुकीत आणि उन्हाळ्यांत सुसह्य असतें. त्याच्या कांठावरील नक्षी कोठून आली हें नातीनें आमच्या आधीं ओळखलें. वीट, चटई, हिरा, लाट हे नमुने किल्ल्याच्या दगडांवरून व नदीच्या पाण्यावरूनच उचललेले आहेत. सकाळीं जी वेलपत्ती तिनें भिंतीवर पाहिली होती, ती दुपारीं मागावर उतरतांना दिसली. कांठाच्या दोन्ही बाजू सारख्याच सुबक असल्यानें लुगडें उलटसुलट कसेंही नेसतां येतें.

ज्या बाईंच्या मागाजवळ आम्ही बसलों होतों त्यांनीं हात न थांबवितां आमच्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. पाय पावडीवर, उजवा हात धोट्याच्या दोरीवर, डावा फणीवर. साधें लुगडें उतरण्यास दोन-तीन दिवस, भरजरी कांठाचें असल्यास आठवडाही लागतो, असें त्या म्हणाल्या. त्याखेरीज सूत रंगविणारा, ताणा घालणारा व कांड्या भरणारा निराळा. या गांवचे विणकर हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत. "मुलगी शिकते का हें काम?" असें आमच्या सूनबाईंनीं विचारलें. "शिकते माँजी, पण आधीं शाळा," असें उत्तर आलें. "मुलगा इंदुरास गेला. तिकडे महिन्याचा पगार हातांत येतो."

या एका वाक्यांत सगळी मेख आहे. 1818 सालानें थाळनेरचा किल्ला पडला, आणि त्याच सालीं होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास गेली. राजाश्रय दोन्ही गांवांचा एकदमच सुटला. परंतु महेश्वरास राजवाड्याच्या जोडीस माग होता. वाडा रिकामा झाला तरी माग चालूं राहिला, आणि त्यामुळें गांव जागें राहिलें. थाळनेरचें महत्त्व ठाण्यावर व नाक्यावर उभें होतें. ठाणें गेलें, व्यापाराचा मार्ग बदलला, आणि मागें विटांचे ढीग राहिले. विसाव्या शतकांत गिरणीच्या कापडापुढें महेश्वरचेही माग बंद पडत चालले होते. 1978 मध्यें होळकर घराण्यांतील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनीं रेवा सोसायटी स्थापन करून विणकर स्त्रियांस पुन्हां काम मिळवून दिलें, तेव्हां हा धंदा सांवरला. म्हणजे कलेसही कोणी तरी वाली लागतो. पूर्वीं तो राजा होता. आतां तो गिऱ्हाईक आहे.

आणि गिऱ्हाईक म्हणजे आपणच. दुकानांत मुलांच्या आजीनें संवयीप्रमाणें "कांहीं कमी होईल कां?" असें विचारलें, तेव्हां सूनबाईंनीं हळूच हिशेब मांडून दाखविला. किंमतींतून रेशमाचा व रंगाचा खर्च वजा करा, उरलेल्याला तीन माणसांत वांटा, मग दिवसांनीं भागा. भागाकार होतांच आजीबाईंनीं सांगितलेली किंमत मुकाट्यानें दिली, आणि एकाच्या जागीं दोन लुगडीं घेतलीं.

ज्यांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं दोन-चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हिंवाळा निवडावा. निघण्यापूर्वीं आठ दिवस रोज रात्रीं मुलांस त्या स्थळाची थोडी माहिती सांगावी, म्हणजे तेथें व्याख्यान द्यावें लागत नाहीं. मुलेंच प्रश्न विचारतात. पडक्या इमारतीवर नांवें कोरूं नयेत व कोणताही अवशेष उचलूं नये. कापड घेतांना हातमागाचें कीं यंत्रमागाचें हें विचारावें. हातमागाच्या मालासाठीं 2006 पासून सरकारी चिन्ह चालू झालें आहे, तें पाहावें. कांठाचें लुगडें हें 1985 च्या कायद्यानें हातमागासाठीं राखलेल्या जिनसांपैकीं एक असूनही त्याची नक्कल यंत्रावर सर्रास होते, आणि ती स्वस्त मिळते. ती स्वस्ताई कोणाच्या ताटांतून येते, हें मागाजवळ तासभर बसल्यावर कोणास सांगावें लागत नाहीं.

राहतां राहिलें आमचें थाळनेर. तेथें माग नाहीं, घाट नाहीं, दुकान नाहीं. परंतु तेथें सांगण्यासारखी एक कथा आहे, आणि कथेसही श्रोता लागतो. शिरपूर, चोपडें, धुळें येथील शाळांनीं वर्षांतून एक वर्ग जरी त्या टेकाडावर नेला, तर तुळशीरामाच्या फांशीविषयीं बरें-वाईट मत बनविणारीं तीस-चाळीस मुलें दरवर्षीं तयार होतील. ज्या विटांविषयीं कोणी प्रश्न विचारतो, त्या विटा कोणी सहसा उपटून नेत नाहीं.